आहे, नाही, आहे

त्या सकाळी बाबांनी व्हॅनमधून हाक मारली तेव्हा तिच्या पुस्तकाची शेवटची चार पानं उरली होती.

"इन्स्पेक्टर, हजर आहात का?"

"हजर," ती पायरीवरून म्हणाली. मान वर केली नाही.

हा रोजचा रिवाज होता. खाली गाड्यांच्या वायरिंगचं दुकान आणि वर घर. शटर वर गेलं की बाबा सगळ्यात आधी स्वतःच्या व्हॅनमध्ये बसून चारी इंडिकेटर लावत, आणि मुलीनं मागे उभं राहून दिवे बघायचे. चार वर्षांची असताना त्यांनी तिला पहिल्यांदा विचारलं होतं, "मागचा दिवा लागलाय का गं?" तिनं गंभीर चेहऱ्यानं सांगितलं होतं, "आहे. नाही. आहे. नाही." बाबा स्टिअरिंगवर डोकं टेकून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. तेव्हापासून ती इन्स्पेक्टर झाली. आता ती अडतीस वर्षांची होती, वाचनालयात पुस्तकं सांभाळत होती, पण दुकानात तिचा हुद्दा तोच होता.

व्हॅनची खिडकी उघडी होती. आतून दिवे लुकलुकवणाऱ्या फ्लॅशरची टक-टक ऐकू येत होती, संथ आणि सारखी. चौतीस वर्षांत तो ठेका तिच्या अंगात पुरता मुरला होता.

"आहे. नाही. आहे. नाही," तिनं टकटकीवर बोल धरला आणि पान उलटलं.

"नीट बघतेस ना?"

"बाबा, सगळे लागतायत. इथे खुनी कोण ते कळायचंय, जा तुम्ही आता."

"माळी असणार."

"तुम्ही वाचलंय?"

"वाचायला कशाला लागतं? शेवटी ज्याच्या बाजूनं बोलणारं कुणी नाही, त्याच्यावरच ढकलतात." त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढून टपावर दोनदा थाप मारली आणि निघून गेले.

खुनी माळी नव्हता. पण हे त्यांना सांगायचं राहून गेलं.

त्या दिवशी दिवेलागणीला शहराबाहेरच्या रस्त्यावर एक दुधाचा टेम्पो बंद पडला. टेम्पोवाल्याचा फोन आला आणि बाबा गेले. नेहमीसारखी त्यांनी आपली व्हॅन टेम्पोच्या मागे आडोसा म्हणून उभी केली, म्हणजे मागून येणाऱ्याला आधी व्हॅनचे दिवे दिसतील, आणि टेम्पोच्या मागच्या बाजूला खाली वाकून बॅटरीची वायर बघायला लागले. मागून ट्रक आला. त्यानं व्हॅनला धडक दिली आणि व्हॅन पुढे ढकलली गेली. पुढचं आईला कुणी सांगितलं नाही, आणि लेकीला कुणी सांगायची गरज पडली नाही.

दुःख येईल असं सगळे म्हणत होते. तिला राग आला. आला तो मुक्कामालाच आला. भेटायला येणाऱ्या बायका "सुटले बिचारे, हाल झाले नाहीत" म्हणाल्या की तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची. "कशातून सुटले?" तिनं एकीला विचारलं. "चांगले होते ना ते. सकाळी दोन पोळ्या खाऊन गेले होते." बाई चपला घालून निघून गेली. आई म्हणाली, "अगं, ती सांत्वनाला आली होती." ती म्हणाली, "मग सांत्वन करायचं होतं."

त्या सकाळचा विचार मात्र ती करत नव्हती. तो विचार दाराशी आला की ती भांडी घासायला घ्यायची, नाहीतर कुणाशी तरी भांडण उकरून काढायची. वाचणं बंद झालं होतं. पुस्तक उघडलं की अक्षरांच्या मागे टक-टक सुरू व्हायची.

तीन आठवड्यांनी चौकशी अधिकाऱ्यानं बोलावलं. माणूस सभ्य होता, त्यामुळे राग काढायलाही जागा मिळेना. त्यानं पाणी मागवलं, कागद सरळ केले आणि वाचून दाखवलं. उभ्या वाहनाचे धोक्याचे दिवे लावलेले नव्हते. वाहनचालकाचा निष्काळजीपणा.

"कुणाचा?" तिनं विचारलं.

"तुमच्या वडिलांचा."

"टेम्पोवाल्यानं तर सांगितलंय की दिवे लागत होते."

"हो. तो कडेला टॉर्च धरून उभा होता, व्हॅनकडे तोंड करून. तो म्हणतो, लखलख लागत होते. ट्रकवाला म्हणतो, एक दिवा नव्हता, अंधारात भिंत उभी असावी तशी व्हॅन उभी होती. दोघांतला एक खोटं बोलतोय."

"मग तो टेम्पोवालाच का?"

"त्याची गाडी दुरुस्त करताना तुमचे वडील गेले. माणूस उपकारापोटीही खोटं बोलतो, बाई." त्यानं पुढचा कागद काढला. "आणि हा तुमच्या वडिलांच्या भागीदाराचा जबाब. 'वय झालं होतं. गडबडीत बटण दाबायचं राहून गेलं असेल.' खाली सही आहे."

सही तिच्या ओळखीची होती. दुकानाच्या प्रत्येक पावतीवर बाबांच्या सहीशेजारी ती असायची. फ्यूजकाका. एकतीस वर्षांचे भागीदार. बारीकसारीक गोष्टीवर भडकायचे आणि दोन मिनिटांत थंड व्हायचे, म्हणून बाबांनीच त्यांना ते नाव दिलं होतं.

"माझे वडील चष्मा विसरायचे," ती सावकाश म्हणाली. "छत्री विसरायचे. माझ्या शाळेच्या फॉर्मवर माझी जन्मतारीख चुकवली होती त्यांनी. पण ते बटण ते विसरलेले नाहीत."

"सोमवारी अहवाल पुढे जाईल. त्याआधी लेखी काही असेल तर आणून द्या. व्हॅन सोडली आहे, घेऊन जा."

घरी आई जेवायची थांबली होती. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "त्या ट्रकवाल्याला फाशी दे असं मी म्हणत नाही. पण निष्काळजी? लोकांच्या गाड्यांचे दिवे स्वतःहून तपासून द्यायचे गं ते. न मागता. तेवढा एक शब्द काढायला लाव त्यांना."

"काढायला लावते," ती म्हणाली.

रविवारी दुपारी व्हॅन दुकानात ओढून आणली. मागची उजवी बाजू आत गेली होती, दार पिळवटलं होतं. मागचा डावा कोपरा मात्र जणू काही झालंच नाही असा होता. पुढच्या डाव्या दिव्याची काच गेली होती, पण बल्ब शाबूत होता. त्या पलीकडे तिनं बघितलं नाही. पुढचा पत्रा कुणीतरी धुऊन काढला होता.

फ्यूजकाका टेबलापाशी बसून जुने स्क्रू डब्यांत वेगळे करत होते. गेले तीन आठवडे ते हेच करत होते. तिनं त्यांच्याकडे न बघता भिंतीवरचा टेस्ट लॅम्प काढला. म्हणजे एक छोटा बल्ब, एका टोकाला सुई, दुसऱ्या टोकाला चिमटा. बाबांच्या हाताचा काळा डाग मुठीवर तसाच होता.

"काय करतेस?" काकांनी विचारलं.

"वय झालेल्या माणसानं बटण दाबलं होतं का, ते बघते."

काकांच्या हातातला स्क्रू डब्याबाहेर पडला. त्यांनी उचलला नाही.

तिनं दार ओढून उघडलं. डॅशबोर्डवरचं लाल त्रिकोणाचं बटण आतच दबलेलं होतं. "हे बघा. दाबलेलं आहे."

"धडकेत दाबलं गेलं असेल," काका म्हणाले.

"तुम्ही वकील कधीपासून झालात?"

तिनं बटण पुन्हा दाबून बंद केलं, दुकानातली बॅटरी जोडली, किल्ली फिरवली आणि डावीकडचा इंडिकेटर लावला. उजव्या बाजूला बघण्यासारखं काही उरलं नव्हतं. टक-टक सुरू झाली. तोच संथ, सारखा ठेका. ती खाली उतरली. पुढे जाऊन बघितलं. बल्ब लागत होता, विझत होता. मग मागे गेली.

मागचा डावा दिवा मेलेला होता.

पुढून टक-टक ऐकू येत होती, अगदी ठणठणीत, आणि डोळ्यांसमोर अंधार.

मग तिनं दिव्याची काच उघडली. बल्ब काढून उन्हात धरला. आतली तार अखंड होती. होल्डरमध्ये सुई टोचून चिमटा व्हॅनच्या पत्र्याला लावला. टेस्ट लॅम्प लखलखला. वीज येत होती तर. आता चिमटा पत्र्यावरून काढून दिव्याच्याच अर्थिंगच्या वायरला लावला. टेस्ट लॅम्प मेला.

"वीज येते, परत जायला वाट नाही," ती मोठ्यानं म्हणाली. हे वाक्य बाबांचं होतं. रविवारी दुपारी इथेच स्टुलावर बसून ती वाचायची आणि ते काम करता करता अशी वाक्यं तिच्या पुस्तकावर टाकत राहायचे.

व्हॅनच्या आत, मागच्या कोपऱ्यात, रबरी मॅटखाली ती वायर एका बोल्टनं पत्र्यावर आवळलेली होती. मागच्या सगळ्या दिव्यांचं अर्थिंग तिथेच होतं, त्या एकाच बोल्टवर. तिनं मॅट उचलली. बोल्टवर हिरवट बुरशीसारखा गंज फुगला होता. वायरीच्या टोकाची गोल टिकली तिच्या बोटांत नुसती अलगद निघून आली.

धडकेनं तुटलेली वायर चकचकीत तुटते. ही कधीची आतून कुजत आली होती.

"काका, या इकडे."

"मला दिसतंय इथून."

"या म्हणते ना!"

ते आले. टिकली बघितली आणि तोंड फिरवलं.

"दोघंही खरं बोलत होते," ती म्हणाली. तिचा आवाज चढत होता आणि तिला तो आवरायचा नव्हता. "टेम्पोवाला समोर होता, त्याला पुढचे दिवे दिसले. ट्रकवाला मागून आला, त्याला काहीच दिसलं नाही. बाबांनी बटण दाबलं होतं. दाबलं, टक-टक ऐकली, आणि खात्रीनं खाली वाकले. हे तुम्हाला कळायला पाहिजे होतं. एकतीस वर्षं दुसरं काय केलंत तुम्ही? त्या साहेबासमोर बसून सही ठोकून आलात! वय झालं होतं म्हणे! तुमच्यापेक्षा दोन वर्षांनी लहान होते ते!"

"हळू बोल. वर आई आहे."

"ऐकू दे तिला."

भडकायची सवय असलेला माणूस भडकत नाही, तेव्हा काहीतरी चुकतंय, हे तिला लहानपणापासून माहीत होतं. पुढून टक-टक चालूच होती. आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं. मागचा दिवा मेलेला असताना ही टक-टक अशी संथ कशी?

एखाद्या बाजूचा बल्ब गेला की फ्लॅशर घाई करतो. टकटकटकटक, जीव घेऊन पळाल्यासारखा. बाबा गिऱ्हाइकांना सांगायचे, हा आवाज आला की चिडू नका, तो तुमच्या भल्यासाठी बोंबलतोय, उतरून मागे जाऊन बघा. आज तो बोंबलत नव्हता.

ती डॅशबोर्डखाली आडवी झाली, हात वर घातला आणि फ्लॅशर उपटून काढला. आगपेटीएवढी डबी. टक-टक थांबली. उजेडात धरून बघितलं. हा व्हॅनचा नव्हताच. हा मागे ट्रेलर ओढणाऱ्या गाड्यांचा होता, ज्यांना कधी चार दिवे असतात, कधी आठ. तो किती दिवे लागतायत याची पर्वा करत नाही. एक लागो नाहीतर सगळे मरोत, त्याची टक-टक तीच.

"हा कुणी बसवला?"

काका स्टुलावर बसले.

"कुणी बसवला, विचारतेय मी!"

"आधीचा जळला होता," काका म्हणाले. "दोन महिने झाले. आपल्याकडे तसला शिल्लक नव्हता. मी म्हटलं, हा टाकतो तात्पुरता. तो म्हणाला, टाक, पण नवे आले की आधी माझा बदलायचा. नवे आले." त्यांनी ड्रॉवरकडे बोट केलं. "मी रोज म्हणायचो, उद्या."

तिनं ड्रॉवर उघडला. पाकिटं सील तशीच. एक फाडलं, आत शिरून नवा फ्लॅशर दाबून बसवला. इंडिकेटर लावला.

टकटकटकटकटकटक.

दुकान त्या आवाजानं भरून गेलं. पत्र्याच्या छपरावर कुणी मुठीनं खडे टाकावेत तसा.

"ऐका!" ती ओरडली. "असं ऐकू आलं असतं त्यांना! पहिल्याच वळणावर! थांबले असते, उतरले असते, मागे जाऊन बघितलं असतं! पाच मिनिटांचं काम होतं, काका! आणि तुम्ही काय केलंत? स्वतःचा उद्या झाकायला त्यांचं वय पुढे केलंत! ते बोलायला येऊ शकत नाहीत म्हणून!"

"बंद कर ते."

"नाही करत."

"बंद कर गं!" काका उठले. "माहितीये मला! कानात तेच वाजतंय माझ्या! मीच मारलं त्याला, झालं समाधान? त्या साहेबानं विचारलं, बटण दाबलं असेल का? मी हो म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न फ्लॅशरचा होता. भ्यालो मी. एकतीस वर्षं एका डब्यातलं जेवलो आम्ही, आणि मी भ्यालो." ते थांबले, श्वास घेतला, आणि आवाज एकदम खाली आला. "आणि उद्या-उद्या करायची हिंमत तरी कशानं झाली, सांगू? रोज सकाळी तू मागे उभी असायचीस. माझ्या मनात यायचं, फ्लॅशर नाही बोलला तरी इन्स्पेक्टर बोलेल. तिची नजर चुकायची नाही."

टकटकटकटक चालू होतं. तिनं आत हात घालून किल्ली बंद केली.

तिला आणखी बरंच बोलायचं होतं. तोंडाशी आलेली वाक्यं होती, धारदार, तीन आठवडे घासून ठेवलेली. त्यांतलं एकही आता बाहेर येईना. तिनं पॉलिश पेपर घेतला, व्हॅनच्या मागे शिरली आणि बोल्टखालचा पत्रा घासायला लागली. हिरवा गंज उडाला, मग तांबूस, मग पांढरा लख्ख पत्रा दिसला तरी ती घासतच होती. बोटाचं कातडं निघालं. तिला बरं वाटलं. वायर कापून नवी टिकली दाबली, नवा बोल्ट घातला, पान्यानं आवळला, आणखी आवळला. दिव्यात बल्ब परत बसवला.

आता मनात आणलं तर गोष्ट इथेच संपत होती. उद्या टिकली आणि फ्लॅशर टेबलावर ठेवायचे. तो शब्द निघेल. आईला हवं ते मिळेल. आणि दोष राहायला एक घर आयतं तयार होतं, स्टुलावर बसलेलं, स्वतःहून कबूल झालेलं. त्यांच्या बाजूनं बोलणारं कुणीच नव्हतं.

"काका, आत बसा. डावीकडचा लावा."

ते मुकाट्यानं जाऊन बाबांच्या जागेवर बसले. ती मागे गेली, चार पावलं अंतर ठेवून उभी राहिली. लहानपणी बाबांनी खडूनं तिथे एक गोल काढून दिला होता. खडू कधीच पुसला गेला होता, पाय तिथेच पडले.

किल्ली फिरली. टक. टक. टक. टक. संथ, सारखा ठेका, आणि या वेळी तिच्या डोळ्यांसमोर नारिंगी उजेड पेटत होता आणि विझत होता. भर दुपारीही स्पष्ट दिसत होता. मान वर केली की दिसेल, इतकं सोपं होतं ते.

खिडकीतून काकांनी सवयीनं मान बाहेर काढली. "लागलाय का?"

तिनं तोंड उघडलं. आहे, एवढंच म्हणायचं होतं. दिवा पेटला, विझला, पेटला.

"लागलाय का गं?"

"मी बघितलं नव्हतं."

"काय?"

"त्या सकाळी. त्यांनी विचारलं आणि मी पायरीवर वाचत बसले होते. मान वर केली नाही मी. आवाज ऐकला आणि त्याच्यावर आहे-नाही म्हणत राहिले. ते म्हणाले, नीट बघतेस ना, आणि मी म्हटलं, सगळे लागतायत."

काकांनी किल्लीकडे हात नेला.

"राहू दे चालू," ती म्हणाली. वर जिन्याचं दार उघडल्याचा आवाज आला. आई कठड्याशी येऊन उभी राहिली होती. तिनं मान वर करून आईकडे बघितलं आणि आवाज खाली केला नाही. "उद्या मी हे लिहून देणार आहे, काका. फ्लॅशरचं लिहीन, टिकलीचं लिहीन, आणि हेही लिहीन. बाबांनी बटण दाबलं होतं. बाबांनी विचारलंही होतं. मी बघितलं नाही."